समुद्राचं वेळापत्रक

हे लिहायला मी सहा वर्षं लावली. मधल्या काळात बाकी पुष्कळ लिहिलं. डेपोतले दिवस लिहिले, प्रवाशांचे किस्से लिहिले, बदलीच्या गावांविषयी लिहिलं. वाचणारे भेटले की म्हणायचे, "काका, तुम्ही काही लपवत नाही, हे आवडतं." मी हसून मान हलवायचो. समुद्राच्या त्या सहलीपाशी आलं की मी पेन खाली ठेवायचो आणि दुसरीच आठवण काढायचो. आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. आणखी टाळलं तर ते माझ्याबरोबरच जाईल, आणि ज्याच्यावर मी ते लादलं त्याच्या डोक्यावर तसंच राहील.

माझी सगळी नोकरी बसच्या डेपोत गेली, त्यातली शेवटची अठरा वर्षं वेळापत्रकं करण्यात. कुठली गाडी किती वाजता सुटणार, कुठे किती मिनिटं थांबणार, कुठल्या फाट्यावर कुठल्या गाडीला जोड देणार, हे सगळं माझ्या हातचं. निवृत्तीनंतर ही खोड घरात आली. मंगल कार्यालयात जायचं असो की मालेगावला कुणाला भेटायला, मी आदल्या दिवशी कागद करायचो. शाईच्या पेनानं, रेघा मारून. मुलगा चेष्टा करायचा, "बाबा, आपण घरातून निघतोय की फलाटावरून?" पण कागद घ्यायचा आणि त्याप्रमाणेच चालायचा. लहानपणापासून त्याला तशी सवय होती. बाबांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.

तेव्हा नात पावणेदोन वर्षांची होती. आणि घरात एक कुत्री होती. ती सुनेची. सून देवळ्याकडची, नाशिकला शिकायला असताना तिनं वसतिगृहाच्या फाटकाशी सापडलेलं ते पिल्लू लपवून वाढवलं आणि लग्नात आमच्याकडे घेऊन आली. मी सुरुवातीला कुरकुर केली होती. पण नात झाली आणि त्या कुत्रीनं आपला बिछाना स्वतःच पाळण्याखाली हलवला, तेव्हा माझं बोलणं बंद झालं. नात चालायला शिकली ती तिची शेपटी धरून. नऊ वर्षांची झाली होती कुत्री, मागचे पाय अधू झाले होते, तरी शेपटी ओढली तर नुसती वळून बघायची.

नातीला समुद्र दाखवायचा, ही कल्पना मुलाची. त्र्यंबक, जव्हारमार्गे चार-साडेचार तासांवर एक लहानसा किनारा आहे. गावाचं नाव लिहीत नाही, त्या गावाचा काही दोष नाही. सुनेची एकच अट, "कुत्री येणार. तिला सोडून मी येणार नाही." मग तिनं राहायच्या जागांना फोन करायला सुरुवात केली. मी शेजारीच बसलेलो असायचो. एका ठिकाणचा माणूस म्हणाला, "कुत्रा शांत असला तर चालेल ताई, पण दोन वर्षांचं मूल नको. मागच्या वेळी एकानं भिंतीवर सगळी रेल्वे काढली." सून हसून हसून खुर्चीत आडवी झाली. शेवटी वाडीतलं एक घर मिळालं. घरमालकीण म्हणाली, "दोघांनाही आणा. आमच्याकडे म्हशी आहेत."

आणि मी कागदाला बसलो.

मला त्या कागदाचा फार अभिमान होता, कारण त्यात मी समुद्रसुद्धा बसवला होता. डेपोत माझ्याबरोबर किनाऱ्याकडचा एक कारकून होता. त्यानं मला एक हिशेब शिकवला होता. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असली तर तीनला पाणी पूर्ण चढणार. तिथून सहा तासांनी ओहोटी पूर्ण. आम्ही नाशिकचे, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठी वाढलेलो. आमच्या गंगेला पूर येतो, भरती येत नाही. त्यामुळे हा हिशेब मला जादूसारखा वाटायचा. आयुष्यात तो वापरायची पहिली संधी आली होती.

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून मी तारखा बघितल्या. शनिवारी निघायचं, रविवारी समुद्र. रविवारी प्रतिपदा. म्हणजे भरती पाऊण वाजता, तिथून संध्याकाळी सातपर्यंत पाणी उतरतच राहणार. मी लिहिलं: दुपारी साडेतीन ते साडेसहा, समुद्र. पाणी उतरते. गाडी वाळूवर नेण्यास हरकत नाही. कुत्रीला वाळूत चालवत नाही, तिला गाडीत पट्ट्याने बांधणे, काच अर्धी खाली. सीट कव्हर नवी आहेत. नातीची नाचणी, टोपी, कोरडे कपडे, सगळं ओळीनं. कागद फ्रिजवर लावला.

सून म्हणाली, "बाबा, भरती-ओहोटी मोबाइलवर पण दिसते. बघू का?"

मी म्हणालो, "अगं, मोबाइल आत्ता आला. चंद्र कधीचा आहे."

मुलगा म्हणाला, "बघू नकोस. बाबांना अपमान वाटेल."

सगळे हसले. मीही हसलो. तिनं मोबाइल बाजूला ठेवला.

निघायच्या तीन दिवस आधी माझ्या बायकोनं कॅलेंडरसमोर उभं राहून विचारलं, "अहो, शनिवारी अमावास्या आहे. लहान लेकरू घेऊन अमावास्येला घाट उतरायचा?" मी म्हणालो, अमावास्येला डेपोतून एक गाडी कमी सुटल्याचं मला आठवत नाही. ती म्हणाली, "तुमच्या गाड्यांचं तुम्ही बघा. माझी नात जाणार नाही." तिचा आवाज तसा लागला की घरात पुढे कुणी बोलत नसे. घरमालकिणीला फोन केला, तीही म्हणाली, अमावास्येला आम्हीही होड्या काढत नाही, पुढच्या शनिवारी या.

मग मी नवा कागद करायला घेतला. जुना समोर ठेवला, वरच्या तारखा बदलल्या आणि खालच्या वेळा सुंदर अक्षरात तशाच्या तशा उतरवल्या.

तशाच्या तशा. आज हे लिहितानाही मी ते शब्द दोनदा वाचले. आयुष्यभर मी ज्या वेळा लिहिल्या त्या तारीख बदलली म्हणून बदलत नसत. सव्वाआठची गाडी या शनिवारी सव्वाआठला आणि पुढच्या शनिवारीही सव्वाआठलाच. समुद्राची वेळ रोज पाऊण तासानं पुढे सरकते, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असल्याबद्दल मी मिरवतही होतो. पण उतरवून काढताना माझ्यातला कारकून लिहीत होता. जुना कागद मी फाडून टाकला, नवा फ्रिजवर लावला. पुढचा रविवार अष्टमीचा होता. आठाची पाऊणपट सहा. ज्या वेळेपुढे मी "पाणी उतरते" असं लिहिलं होतं, त्याच वेळी पाणी चढणार होतं.

शनिवारी आम्ही पोहोचलो. घाटात कुत्रीनं एकदा आणि नातीनं दोनदा ओकून माझ्या कागदातली वीस मिनिटं वाया घालवली, यापलीकडे काही झालं नाही. रविवारी जेवण झालं. बायकोचे गुडघे धरले होते आणि मला डुलकी लागत होती. मुलगा कागद घेऊन निघाला. "साडेतीन वाजले, नियंत्रक साहेब. गाडी सोडू का?" मी पडल्या पडल्या हात वर केला. त्यांची गाडी वाडीतून बाहेर जाताना नात मागच्या काचेतून कुत्रीच्या डोक्यावर डोकं ठेवून बघत होती.

मी पाचच्या सुमारास एकटाच पायी निघालो. सुरूची झाडं संपली आणि समोर समुद्र दिसला. गाडी पाण्यात होती.

काठावर नाही, पाण्यात. दारांच्या मुठी बुडाल्या होत्या आणि लाट आली की गाडी जड म्हशीसारखी हलत होती. मी घड्याळ बघितलं. सव्वापाच. माझ्या मनात त्या क्षणी आलं ते लिहायला लाज वाटते, पण तेच लिहायचं म्हणून बसलो आहे. मला वाटलं, समुद्र चुकला. एखादी गाडी चुकीच्या फलाटावर लागावी तसं. मी तिथे उभा राहून त्या पाण्याच्या उतरण्याची वाट बघत होतो. आत कुत्री आहे, हे मला त्यानंतर आठवलं.

लांबवर होड्यांच्या बाजूनं मुलगा पळत येत होता. ते नातीला होड्या दाखवायला पार टोकापर्यंत गेले होते. बोलता बोलता मागे वळून बघितलंच नव्हतं. त्याच्या बरंच मागे सून, कडेवर नात. सून कुत्रीचं नाव घेऊन ओरडत होती. मुलगा तसाच पाण्यात शिरला. दार उघडेना. अर्ध्या काचेतून त्यानं हात घातला, पट्टा सुटेना. तो खाली बकलाला आवळून बांधलेला होता, लिहिल्याप्रमाणे. मग दोन कोळी धावत आले, एकानं दगडानं मागची काच फोडली आणि कोयत्यानं पट्टा कापला. मुलानं तिला खांद्यावर टाकून आणलं तेव्हा ती जिवंत होती. नाकातोंडातून पाणी येत होतं. मुलाचे दोन्ही हात काचेनं फाटले होते. नात टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, भूभूची अंघोळ झाली.

रात्र व्हायच्या आत घरमालकिणीनं कुत्रीला शेक दिला, मुलाच्या हातांना हळद लावली. मी तिला हळूच विचारलं, "आज पाणी असं अवेळी कसं आलं?" तिनं माझ्याकडे बघितलं. "अवेळी? काका, आज अष्टमी. अष्टमीला सहाला पाणी भरतं, आमचं शेंबडं पोर सांगेल. तुमच्या नाशकात कुणाला विचारायचं तरी."

त्या ओसरीवर उभ्या उभ्या मी बोटांवर तिथी मोजल्या. सगळा कागद डोळ्यांसमोर आला.

पाणी उतरल्यावर ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली. दाराच्या कप्प्यातून मुलानं माझा कागद बाहेर काढला. शाई पूर्ण धुऊन गेली होती, निळसर लगदा उरला होता. तो मला म्हणाला, "बाबा, यात साडेसहापर्यंत पाणी उतरतं असंच होतं ना? मी दोनदा वाचलं होतं." त्याच्या आवाजात आरोप नव्हता. तो खरंच विचारत होता. शेजारी सून मांडीवर कुत्रीला घेऊन बसली होती आणि ऐकत होती.

मी म्हणालो, "तो जुना कागद असेल. अमावास्येच्या वेळचा. मी नंतर नवा करून दिला होता ना तुला?"

इतकंच. एक वाक्य. ते कुठून आलं मला माहीत नाही. मी ठरवलेलं नव्हतं. तो हातातल्या लगद्याकडे बघत म्हणाला, "हो का? मग मी जुनाच उचलला की काय." सुनेनं त्याच्याकडे बघितलं. तसं तिला मी आधी कधी बघितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नाशिकला जनावरांच्या डॉक्टरांकडे कुत्रीनं जीव सोडला. फुप्फुसात पाणी राहिलं होतं.

त्या सकाळी मुलगा, सून आणि नात दवाखान्यात असताना मी घरी काय केलं, तेही लिहितो. जेवणाच्या टेबलावर बसलो आणि आणखी एक कागद केला. तोच मथळा, त्याच तारखा, त्याच रेघा. वेळा मात्र बरोबर: सकाळी साडेनऊ ते बारा समुद्र, दुपारनंतर गाडी वाळूवर नेऊ नये. "नेऊ नये" खाली मी रेघ मारली. बायको आतून आली. "आता कसला कागद?" मी म्हणालो, "गाडीच्या विम्याचा." मग तो घडी करून कॅलेंडरच्या मागे सरकवला, जिथे मुलगा शोधेल तिथे. त्यानं दोन दिवसांनी शोधलाच. उघडून वाचला. "इथेच राहिला होता," एवढं म्हणाला आणि घडी करून खिशात ठेवला.

सून नातीला घेऊन देवळ्याला माहेरी गेली. जाताना ती त्याला म्हणाली ते मी दाराआडून ऐकलं. "कुत्री गेली म्हणून नाही जात मी. लिहिलेला कागद घरी विसरून तू गाडी पाण्यात लावतोस. गाडीत ही झोपलेली असती तर? तुझ्याकडे हिला मी कुठल्या भरवशावर देऊ?"

तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं."

महिन्यानं आम्ही तिघं तिला आणायला गेलो. अंगणात कांद्याची प्रतवारी चालली होती, आम्हाला खाटेवर बसवून चहा दिला. सुनेचे वडील समजुतीनं बोलत होते, "व्याही, मुकं जनावर व्हतं. पन पोरीचा जीव व्हता त्याच्यात. वेळ लागंल." मग मुलगा उठला. सगळ्यांसमोर, मजुरीवर आलेल्या बायकांसमोर, त्यानं खिशातून कागद काढला आणि सुनेच्या हातात दिला. "हे बघ. बाबांनी सगळं नीट लिहून दिलं होतं. खाली रेघसुद्धा मारली होती. चूक माझीच आहे. मला माफ कर." आणि त्यानं तिच्यापुढे हात जोडले. हातांवरचे काचेचे वण अजून लाल होते.

मी चहाची बशी धरून बसलो होतो. शेजारी बायकोनं त्या कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिनं ओळखलं. त्या दिवसापासून ती जाईपर्यंत, म्हणजे पुढची चार वर्षं, तिनं मला कुठल्याही गाडीची वेळ विचारली नाही. शेजारच्या मुलांना विचारायची.

सून परत आली. संसार मोडला नाही, म्हणून मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं. पण मी काय मोडलं ते हळूहळू दिसत गेलं. सून नातीला त्याच्याबरोबर एकटं सोडत नाही. त्यावर कधी भांडण नाही, वाद नाही. ती नुसती चप्पल घालते आणि बरोबर निघते. आणि तो ते रास्त मानतो. बाहेर पडताना तो गॅसच्या बटणाचा मोबाइलवर फोटो काढतो. कुलूप तीनदा ओढून बघतो, जिन्यावरून परत येऊन चौथ्यांदा. मध्यंतरी तो डॉक्टरांकडे जाऊन आला, विसरण्याचा काही आजार आहे का ते तपासायला. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. डॉक्टरांनी शंभरातून सात सात वजा करायला लावले. घरी येऊन हसत म्हणाला, "सगळे बरोबर आले बाबा. मग मी कागद विसरलो कसा, कळत नाही." मी वर्तमानपत्र वर धरलं.

गेल्या रविवारची गोष्ट. नात आता आठ वर्षांची आहे. तिला सायकल घ्यायची होती. द्वारका चौकातल्या दुकानात जायचं ठरलं. ती म्हणाली, "आज मी आणि बाबा, दोघंच."

सून म्हणाली, "मी पण येते."

"आई, तू दर वेळी येतेस!"

मुलगा चटकन म्हणाला, "येऊ दे गं आईला. मी विसरेन काहीतरी."

नात हसली. "हो, बाबा विसराळूच आहेत." हे तिनं इतक्या सहज म्हटलं, जसं एखाद्याचा रंग सावळा आहे म्हणावं. तिला दुसरा बाप कधी माहीतच नाही.

मी खुर्चीतून उठलो. ते तिघं दारात होते. मी मुलाला म्हणालो, "थांब जरा."

तो वळला. "काय बाबा? काही राहिलं का?" आणि मी बोलायच्या आत त्याचा हात खिशावर गेला. पाकीट काढून बघितलं, किल्ली बघितली, मोबाइल बघितला. मग आत येऊन गॅसकडे नजर टाकली. सून दारात शांतपणे थांबली होती, नात पायरीवर उड्या मारत होती. "नाही, सगळं आहे," तो म्हणाला, आणि माझ्याकडे लहान मुलासारखं बघत राहिला, बाबा सांगतील काय राहिलं ते.

मी म्हणालो, "काही नाही. सावकाश जा."

म्हणायचं होतं ते हे: नवा कागद नव्हताच. तू वाचलास तोच एक होता, आणि तू बरोबर वाचलास. चूक मी लिहिली, खोटं मी बोललो, आणि तू माझ्याऐवजी हात जोडलेस तेव्हा मी तुझ्यापासून तीन हातांवर चहा पीत बसलो होतो. तू काहीही विसरला नव्हतास, बाळा. मला माफ कर.